रक्ताचा तोल

प्रास्ताविक

अंथरुणावर नुसते पडून राहिले, तरी माणसाच्या शरीरात आम्ल तयार होतच असते. प्रत्येक पेशी अन्नाचे ज्वलन करते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. हा वायू पाण्यात विरघळला की त्याचे आम्ल बनते. डाळ, दूध, अंडी, मांस यांतील प्रथिनांच्या विघटनातून आणखी तीव्र आम्ले निर्माण होतात. आणि तरीही निरोगी माणसाचे रक्त आम्लधर्मी होत नाही. ते किंचित आम्लारिधर्मी असते आणि तसेच राहते. हे कसे घडते, याचा विचार या पाठात केला आहे. पाठ वाचून झाल्यावर बफर द्रावण म्हणजे काय, हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल; तसेच वैज्ञानिक गद्यात कार्यकारणभाव कसा मांडला जातो, हेही तुमच्या ध्यानात येईल. पाठात थोडे आकडे आहेत. त्यांना बिचकू नका. भागाकारापलीकडचे गणित त्यांत नाही.

मूळ पाठ

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. शहरातील ब्लेगडॅम रुग्णालयात रोज नवे रुग्ण दाखल होऊ लागले. त्यांपैकी अनेकांचे गिळण्याचे आणि श्वासोच्छ्वासाचे स्नायू लुळे पडलेले होते. कृत्रिम श्वास देण्यासाठी रुग्णालयात ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणून ओळखले जाणारे एक मोठे यंत्र आणि छातीवर बसवण्याची सहा लहान यंत्रे होती. साथीच्या आरंभी अशा यंत्रांचा आधार दिलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांच्या आत दगावले.

या रुग्णांच्या रक्ताची तपासणी केली असता त्यातील एकूण कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पुष्कळ वाढलेले आढळे. रक्तात हा वायू बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि बायकार्बोनेट हे आम्लारिधर्मी. तेव्हा रुग्णाचे रक्त काही अज्ञात कारणाने फाजील आम्लारिधर्मी झाले असावे, असा अर्थ तेथील डॉक्टरांनी लावला. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या एका भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. त्याने तीच माहिती पाहिली आणि नेमका उलट निष्कर्ष काढला: रक्त आम्लारिधर्मी झालेले नाही, ते आम्लधर्मी झाले आहे, आणि रुग्ण श्वासाअभावी मरत आहेत.

आकडा एकच आणि त्याचे अर्थ दोन, परस्परांच्या अगदी विरुद्ध. यांतला खरा कोणता, हे उमजण्यासाठी आपल्याला काही काळ रुग्णालय सोडून प्रयोगशाळेत जावे लागेल. योगायोग असा की ती प्रयोगशाळाही कोपनहेगनमध्येच आहे.

१९०९ मध्ये कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन हे विकरांचा, म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचा, अभ्यास करीत होते. ही प्रयोगशाळा एका बिअरच्या कारखान्याने स्थापन केलेली होती. द्रावण किती आम्लधर्मी आहे यावर विकराचे कार्य अवलंबून असते, हे त्यांच्या लक्षात आले. परंतु आम्लता मोजण्याचे सोयीस्कर माप तेव्हा नव्हते. सोरेनसेन यांनी ते तयार केले. आज आपण त्याला सामू म्हणतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याहून कमी सामू असलेले द्रावण आम्लधर्मी आणि जास्त सामू असलेले आम्लारिधर्मी. द्रावणात हायड्रोजन आयन जितके अधिक, तितका सामू कमी. येथे एक गोष्ट विसरू नये. सामू एका अंकाने उतरला की हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट होते. निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात असतो. तो ७.४ वरून ७.१ वर आला, तर ऐकायला फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात आम्लता दुप्पट झालेली असते. सामू ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला, तर सहसा माणूस वाचत नाही.

आता एक लिटर शुद्ध पाणी घ्या आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक मोलचा हजारावा भाग, म्हणजे एक मिलिमोल, मिसळा. (मोल हे अणुरेणूंसारखे कण मोजण्याचे एकक आहे.) एवढ्याशा आम्लाने पाण्याचा सामू ७ वरून एकदम ३ वर कोसळतो. आता दुसरे द्रावण घ्या. एक लिटर पाण्यात दशांश मोल अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारे आम्ल, आणि तितकाच सोडियम अॅसिटेट हा त्याचा क्षार विरघळवा. या द्रावणाचा सामू ४.७६ असतो. त्यात तेवढेच हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, तर सामू होतो ४.७५. दहापट आम्ल घातले, तरी तो ४.६७ च्या खाली उतरत नाही. आम्ल किंवा आम्लारी मिसळले असता सामूत होणाऱ्या बदलाला विरोध करणाऱ्या अशा द्रावणाला बफर द्रावण म्हणतात.

हा विरोध कोठून येतो? अॅसिटिक आम्ल हे सौम्य आम्ल आहे. हायड्रोक्लोरिक आम्लासारखे तीव्र आम्ल आपले सगळे हायड्रोजन आयन पाण्यात सोडून मोकळे होते. सौम्य आम्ल बहुतेक आयन स्वतःपाशी धरून ठेवते. त्याच्या जोडीला असलेला अॅसिटेट आयन हा हायड्रोजन गमावलेला, म्हणून तो परत मिळवण्यास उत्सुक असतो. बाहेरून हायड्रोजन आयन आले की अॅसिटेट त्यांना पकडतो आणि त्यांचे अॅसिटिक आम्ल होऊन जाते. बाहेरून आम्लारी आले आणि ते हायड्रोजन आयन पळवू लागले, की अॅसिटिक आम्ल आपल्याजवळचे आयन सोडून ती उणीव भरून काढते. शेजारणीकडे जास्तीचे पीठ ठेवायला द्यावे आणि कमी पडले की हातउसने आणावे, तसा हा व्यवहार आहे. आपल्या घरातला डबा मात्र जवळजवळ एकाच पातळीवर राहतो.

परंतु शेजारणीच्या डब्यालाही तळ असतोच. अॅसिटेटचा साठा संपला की पुढच्या थेंबाला सामू कोसळतो. बफर आम्ल नाहीसे करीत नाही, ते फक्त सांभाळून ठेवते. पुढच्या विवेचनासाठी ही मर्यादा फार महत्त्वाची आहे.

हे करून पाहा

लाल जास्वंदीच्या दोन-तीन फुलांच्या पाकळ्या कोमट पाण्यात चुरगळून रंगीत पाणी गाळून घ्या. एका पेल्यात साधे पाणी आणि दुसऱ्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवलेले पाणी घ्या. दोन्ही पेल्यांत सारखेच रंगीत पाणी मिसळा. सोड्याच्या पेल्यातील रंग हिरवट होईल. आता दोन्हींत लिंबाचा रस थेंब थेंब घाला आणि थेंब मोजा. साध्या पाण्यात थोड्याच थेंबांनी गुलाबी रंग येईल. सोड्याच्या पाण्यात बुडबुडे उठतील, पण रंग गुलाबी व्हायला पुष्कळ रस लागेल. (तुमच्या घरी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी असेल, तर पहिल्या पेल्यालाही थोडे अधिक थेंब लागतील, कारण अशा पाण्यात बहुधा मुळातच काही बायकार्बोनेट विरघळलेले असते.)

या प्रयोगातील बुडबुड्यांकडे विशेष लक्ष द्या. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. आपल्या रक्तातील मुख्य बफरही बायकार्बोनेटचाच आहे आणि त्याचे सगळे सामर्थ्य त्या बुडबुड्यांत आहे.

पाठगत प्रश्न

बफर द्रावणात सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार हे दोन्ही घटक का लागतात? एकच घटक असता तर काय झाले असते?

रक्तातील बफर

रक्तात चालणारी क्रिया अशी लिहिता येते:

हायड्रोजन आयन + बायकार्बोनेट ⇌ कार्बोनिक आम्ल ⇌ कार्बन डायऑक्साइड + पाणी

बाण दोन्ही दिशांना आहेत, म्हणजे ही क्रिया पुढेही जाते आणि मागेही येते. आम्ल वाढले की बायकार्बोनेट ते पकडते आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. उलट, कार्बन डायऑक्साइड साचला तर तो पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन आयन निर्माण करतो. अमेरिकन शास्त्रज्ञ हेंडरसन यांनी १९०८ मध्ये या समतोलाचे सूत्र मांडले आणि पुढे कोपनहेगनच्याच हॅसेलबाल्ख यांनी त्यात सोरेनसेन यांचा सामू बसवला. त्या सूत्राचे सार एका वाक्यात सांगता येते: रक्ताचा सामू बायकार्बोनेट किती आहे यावर ठरत नाही, कार्बन डायऑक्साइड किती आहे यावरही ठरत नाही, तो त्या दोहोंच्या गुणोत्तरावर ठरतो. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात सुमारे २४ मिलिमोल बायकार्बोनेट आणि सुमारे १.२ मिलिमोल विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. गुणोत्तर झाले वीसास एक, आणि त्यावरून सामू येतो ७.४.

रसायनशास्त्र शिकलेला विद्यार्थी येथे एक रास्त शंका काढील. बफरचे दोन्ही घटक समप्रमाणात असताना तो सर्वांत प्रभावी असतो. बायकार्बोनेटच्या बाबतीत ही स्थिती ६.१ या सामूला येते, ७.४ ला नव्हे. मग वीसास एक असा एकांगी बफर शरीराने का स्वीकारावा? शंका खरी आहे. बाटलीत बूच लावून ठेवला, तर हा बफर खरोखरच कुचकामी ठरतो. हिशेब करून पाहा. लिटरभर द्रावणात १२ मिलिमोल तीव्र आम्ल घातले, तर २४ पैकी १२ बायकार्बोनेट खर्च होते आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे उरले १२ बायकार्बोनेट आणि १३.२ कार्बन डायऑक्साइड. सामू ६.०६. माणूस जगणे शक्य नाही.

पण शरीर ही बूच लावलेली बाटली नाही. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांतून बाहेर टाकला गेला आणि त्याचे प्रमाण पुन्हा १.२ वर आले, तर गुणोत्तर होते १२ भागिले १.२, म्हणजे दहास एक, आणि सामू ७.१. माणूस गंभीर आजारी आहे, पण जिवंत आहे. एकाच आम्लाने एकदा मृत्यू आणि एकदा आजार, आणि या दोहोंमध्ये अंतर केवळ श्वासाचे! फुप्फुसे रोज १३ ते १५ मोल, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र याची नोंद क्षणोक्षणी ठेवते. श्वास रोखून धरला असता काही वेळाने जी असह्य घुसमट होते, ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्याची नसते. ती कार्बन डायऑक्साइड साचल्याची हाक असते.

प्रथिनांपासून निर्माण होणारी आम्ले वायुरूप नसल्याने श्वासावाटे जाऊ शकत नाहीत. ती मूत्रपिंडे बाहेर टाकतात आणि त्या कामात खर्च झालेले बायकार्बोनेट पुन्हा तयार करून रक्तात सोडतात. फुप्फुसांचा प्रतिसाद मिनिटांत मिळतो, मूत्रपिंडांना मात्र दोन-तीन दिवस लागतात. याशिवाय तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन, रक्तातील इतर प्रथिने आणि फॉस्फेट हेही बफर आहेतच.

आता पुन्हा त्या रुग्णालयात जाऊ.

श्वासाचे स्नायू लुळे पडल्यामुळे रुग्णांचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नव्हता. समजा, तो दुप्पट होऊन २.४ झाला आणि त्याबरोबर बायकार्बोनेट २४ वरून ३० वर गेले. तपासणीत एकूण प्रमाण वाढलेले दिसणार आणि त्यात मोठा वाटा बायकार्बोनेटचा असणार. पण ३० भागिले २.४ म्हणजे साडेबारास एक. सामू ७.२. रक्त स्पष्टपणे आम्लधर्मी आहे. डॉक्टरांनी एकच आकडा पाहिला होता. इब्सेन यांनी गुणोत्तराचा विचार केला. शस्त्रक्रियागृहात भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास हाताने पिशवी दाबून चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. श्वास अपुरा पडला की काय होते, हे त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक होते.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी मरणोन्मुख अवस्थेतील एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्यातून नळी बसवण्यात आली. प्रारंभी तिची अवस्था आणखी बिघडली. मग इब्सेन यांनी नळीला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरण्यास सुरुवात केली आणि काही वेळातच तिची प्रकृती सावरू लागली. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख आस्ट्रुप यांनी रक्ताचा सामू प्रत्यक्ष मोजला. तो खाली होता. इब्सेन यांचे म्हणणे सिद्ध झाले.

पण पिशव्या दाबणार कोण? सर्वांना पुरतील एवढी यंत्रे नव्हती. तेव्हा वैद्यकशास्त्राचे आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थी पुढे आले. सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, महिनोन्महिने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. साथीच्या ऐन भरात एकाच वेळी सत्तर रुग्णांचे श्वास असे माणसांच्या हातांनी चालू होते. सुरुवातीला ८७ टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर निम्म्याहून खाली आला. आजच्या अतिदक्षता विभागाचा आरंभ बहुधा येथूनच मानला जातो. तेथे आज रोहिणीतील रक्ताचा नमुना घेऊन सामू, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट ही तिन्ही माने काही मिनिटांत एकत्र पाहिली जातात.

गुणोत्तर बिघडण्याची दुसरी वाट आपल्या देशाच्या अधिक परिचयाची आहे. पटकीच्या रुग्णाचे शौचावाटे नुसते पाणी जात नाही. त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही वाहून जाते. येथे भागाकारातील वरचा आकडा घटतो. बायकार्बोनेट १० वर आले आणि कार्बन डायऑक्साइड तेवढाच राहिला, तर गुणोत्तर होईल आठास एक. म्हणून रुग्ण खोल आणि जलद श्वास घेऊ लागतो. त्याने कार्बन डायऑक्साइड ०.७ पर्यंत उतरवला, तर गुणोत्तर चौदास एकपर्यंत सावरते. पाहणाऱ्याला ती धाप रोगाचे लक्षण वाटते, आणि ती आहेही. परंतु वरचा आकडा हातचा गेल्यावर खालचा आकडा कमी करून तोल राखण्याची ती शरीराची धडपड असते. अशा रुग्णाचे गेलेले पाणी आणि क्षार त्वरित भरून द्यावे लागतात.

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते आणि ते लावणारी प्रशिक्षित माणसेही अपुरी होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी निर्णय घेतला: लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून रुग्णांना तोंडाने पाजायचे. ग्लुकोज असल्यामुळे आतडे सोडियम शोषून घेते आणि सोडियमपाठोपाठ पाणी येते. सोडा गेलेले बायकार्बोनेट भरून काढतो. हे पाणी पाजायला परिचारिकेची गरज नव्हती. आई, भाऊ, नवरा, कोणीही ते पाजू शकत होते, आणि त्यांनीच ते पाजले. छावणीतील मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आला. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारे ओआरएसचे पाकीट तुम्ही पाहिले असेल. त्यावरील मजकूर वाचला तर त्यात सोडा आढळणार नाही, ट्रायसोडियम सायट्रेट आढळेल: लिटरभर पाण्यासाठी २.९ ग्रॅम. दमट हवेत सोडा आणि ग्लुकोज एकत्र राहिले की पूड खराब होऊन तिचा रंग पालटत असे. म्हणून १९८० च्या दशकात सोड्याची जागा सायट्रेटला दिली गेली. सायट्रेट म्हणजे लिंबाला आंबटपणा देणाऱ्या सायट्रिक आम्लाचाच क्षार. शरीरात गेल्यावर त्याचे ज्वलन होते आणि त्यातून बायकार्बोनेट तयार होते.

शब्दार्थ

सामू – द्रावणाची आम्लता दर्शवणारे माप. आम्लारी – आम्लाचे उदासिनीकरण करणारा पदार्थ. गुणोत्तर – दोन राशींचा भागाकार. रोहिणी – हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणारी वाहिनी. विकर – सजीवांतील रासायनिक क्रियांना चालना देणारे प्रथिन. पटकी – कॉलरा. हातउसने – थोड्या मुदतीसाठी बिनव्याजी घेतलेले.

स्वाध्याय

१. ‘शरीर ही बूच लावलेली बाटली नाही’ या विधानाचा अर्थ पाठातील हिशेबाच्या आधारे स्पष्ट करा.

२. कोपनहेगनच्या डॉक्टरांनी पाहिलेला आकडा खरा होता. मग त्यांचा निष्कर्ष का चुकला? आठ-दहा वाक्यांत लिहा.

३. एका रुग्णाच्या रक्तद्रवात बायकार्बोनेट १५ मिलिमोल आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ०.७५ मिलिमोल आहे. गुणोत्तर काढा. त्याचा सामू किती असेल? त्याला निरोगी म्हणता येईल काय? कारण द्या.

४. लेखकाने बफरसाठी शेजारणीच्या पिठाच्या डब्याची उपमा दिली आहे. ती कोठे लागू पडते आणि कोठे अपुरी पडते, ते सांगा. तुमच्या व्यवसायातील किंवा घरातील दुसरी उपमा सुचवा.

५. ओआरएसचे पाकीट मिळवून त्यावरील घटकांची नावे मराठीत लिहा आणि प्रत्येक घटकाचे कार्य एका वाक्यात सांगा.